लाल बटणाचा आळ

मंग्या, आता तुला 'मेल्या' म्हणायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस. उठता-बसता म्हणायचे, आणि तू मॉनिटरवरची नजर न काढता 'बोल' म्हणायचास. परवा तुझ्या शोकसभेत तोच शब्द ओठांवर आला आणि गिळावा लागला. मला रडू येत नाहीये. येईल कधीतरी. सध्या मला राग आलाय, आणि त्यातला पहिला वाटा तुझा आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते काम करायला ऑफिसात बरेच जण आहेत. मी भांडायला बसले आहे, कारण आपलं भांडण अर्धवट राहिलं होतं आणि तू ते तसंच टाकून निघून गेलास.

शोकसभेत काय झालं ते तुला कळायला हवं. टायरच्या दुकानावरचं आपलं ऑफिस, तिथली मीटिंगची खोली, टेबलावर तुझा फोटो. फोटो तुझ्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला, त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसतोस. साहेब उभे राहिले. तुझी हुशारी, तुझा हट्टीपणा, सगळं बोलून झालं आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, मंगेशच्या हातून एक मोठी चूक झाली होती, पण त्याने ती छातीठोकपणे कबूल केली, आजच्या काळात असा प्रामाणिक माणूस मिळणार नाही. लोकांनी माना हलवल्या. एकीने डोळे पुसले. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती मी फेकली नाही, एवढा माझा संयम तू लक्षात ठेव.

चूक म्हणे. तुला सगळं ठाऊक आहे, पण हे आणखी कुणी वाचेल, म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नकोस.

आपली कंपनी मासेमारीच्या होड्यांवर बसवायची पेटी बनवते. पेटीवर हिरवा दिवा आणि लाल बटण. होडी कुठे आहे ते पेटी आकाशातून कळवत राहते, आणि समुद्रात संकट आलं की लाल बटण दाबायचं, किनाऱ्यावर निरोप जातो. पेटीच्या आतलं लिखाण, म्हणजे प्रोग्रॅम, तुझ्या-माझ्याकडे. ते सगळं सी भाषेत. ही भाषा मेमरीला थेट हात लावू देते. हात लावू देते म्हणजे काय, तर शेगडी देते, काडीपेटी देते आणि स्वतः खोलीतून निघून जाते. काय पेटवायचं ते तुम्ही बघा.

मला ही भाषा शिकवली ती कॉलेजने नाही, तू. मी उरणकडच्या मिठागरवाल्याची मुलगी. आमची मिठागरं बंदरात गेली, भावाने ट्रेलर घेतला, मी इंजिनीअर झाले आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात तुझ्यासमोर येऊन म्हणाले की प्रोग्रॅम क्रॅश होतोय. तू म्हणालास, असं नाही. आईला सांगशील तसं सांग. क्रॅश, हँग, करप्ट यातला एकही शब्द नको. काय दिसलं, कधी दिसलं, त्याआधी कुणी काय केलं होतं. मला वाटलं, हा माणूस माझी फिरकी घेतोय. मी चिडून सांगायला लागले आणि सांगता सांगताच माझी चूक मला दिसली. तू काहीच केलं नव्हतंस, नुसता चहा पीत बसला होतास. त्यानंतर कितीदा तरी असंच झालं, आणि त्याबद्दल मी तुला एकदाही धन्यवाद दिले नाहीत. आता देते. घे.

दुसरा तुझा नियम पोपटीचा. जो कंपायलरवर आळ घेईल आणि नंतर चूक स्वतःची निघेल, त्याने थंडीत सगळ्यांना पोपटी खायला घालायची. मी लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत नेऊन ठेवणारा तो कंपायलर मला कायम लबाड वाटत आला. वरवर हो म्हणतो आणि मागून आपल्याला हवं ते करतो. त्यामुळे दर हिवाळ्यात आमच्या शेतात मडकं उलटं घालून जाळ लावायची पाळी माझ्यावर. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, तुम्ही सगळे भोवती पाय पसरून बसलेले, आणि तू जळकी शेंग सोलत मला समजावतोस: वैजू, कंपायलर लबाड नाही. तो भोळा आहे. तू दिलेला शब्द तो खरा धरतो आणि पुढे जातो. तू खोटा शब्द दिलास तर त्याने काय करावं? माझं म्हणणं, शब्द खरा आहे की खोटा ते बघायला काय होतं त्याला? यावर आपलं कधी एकमत झालं नाही. होणारही नव्हतं.

मग गेल्या वर्षीची नारळी पौर्णिमा झाली आणि रेवदंड्याच्या होड्या बाहेर पडल्या. त्यात तुझे दामूकाका होते. तुझे वडील लहानपणी गेले, तुला वाढवलं, शिकवलं ते या काकांनी. त्यांच्या होडीचं इंजिन पहिल्याच फेरीत बंद पडलं आणि होडी वाऱ्याने खाडीच्या तोंडाकडच्या खडकांवर जायला लागली. काकांनी लाल बटण दाबलं. दिवा हिरवा, सगळं झकास, आणि किनाऱ्यावर निरोपच नाही. काका दाबत राहिले. शेवटी खलाशांनी अंगातले सदरे काढून हलवले, दुसऱ्या होडीने बघितलं आणि दोर टाकला. दोर ओढताना एका खलाशाचा हात मध्ये सापडला, तो अजून सरळ होत नाही. जीव वाचले, पण आपल्या पेटीने नाही.

कंपनीने काय उत्तर दिलं? तुम्ही पावसाळ्यात पेटी होडीवरून काढलीत. काढलीत म्हणजे हमी संपली. आत खारं पाणी गेलं असणार. या लोकांना वस्तू वापरता येत नाहीत. नाचता येईना, अंगण वाकडं. अरे, पावसात होड्या वर ओढून माडाच्या झापांनी शाकारून ठेवतात, तेव्हा पेटी काय तिथे भिजत ठेवायची? सगळं रेवदंडा पेट्या काढून घरी नेतं, पुसून देवघराच्या फळीवर ठेवतं, आणि पौर्णिमेला दर्याची पूजा झाली की पुन्हा बसवतं. देवाशेजारी पेटी ठेवणाऱ्यांना वस्तू वापरता येत नाही म्हणणारे हे कोण? ती पेटी मी स्वतः उघडली. मिठाने तांबं हिरवं पडतं, हे मला कुणी शिकवायला नको. आतलं तांबं नवं दिसत होतं.

पण चूक सापडेना. ऑफिसात सगळ्यांनी पेटी बंद करून चालू केली, बटण दाबलं, निरोप गेला. दोष नाही, असा शेरा मारून पेटी परत पाठवायला काढली. तू मात्र शेऱ्याकडे बघत बसलास आणि मला म्हणालास, चल, आईला सांगतो तसं सांगू. काकांनी असं काय केलं जे आपण कधीच करत नाही? मी म्हटलं, बटण दाबलं, आपणही दाबतो. समुद्रात नेली, आपण बादलीत बुडवून बघितली. तू म्हणालास, काकांनी तिला झोपू दिलं.

आम्ही ऑफिसवाले पेटी बंद करतो ती लगेच चालू करण्यासाठी. थांबायला वेळ कुणाला असतो? देवघरातली पेटी मात्र अख्खा पावसाळा विजेशिवाय पडून. तू शुक्रवारी काकांच्या पेटीची वीज काढलीस, कपाटात ठेवलीस आणि सोमवारी सकाळी लावलीस. दिवा हिरवा. बटण दाबलं. निरोप नाही. बंद करून चालू केली, निरोप गेला. तुझ्या तोंडावर इतकं हसू होतं की मला तुझा राग आला. काका मरता मरता वाचले आणि हा हसतोय. आता आठवलं की वाटतं, हसायलाच हवं होतं. शोध लागला होता.

मेमरीचा एक कोपरा आपण मुद्दाम पुसत नव्हतो. पेटी दचकून बंद पडली तर चालू होताच होडी कुठे होती ते तिला आठवावं, म्हणून. पुष्कळ वेळ वीज नसली की त्या कोपऱ्यात आठवण उरत नाही, कचरा उरतो. तो कचरा पेटी जागेचा आकडा समजायची आणि मेमरीत भलतीकडेच लिहायची, आणि काकांच्या पेटीत ती भलती जागा नेमकी लाल बटणाची निघाली. मग होडीचं ठिकाण मिळालं की त्या कोपऱ्यात खरा आकडा बसायचा, म्हणून दुसऱ्यांदा चालू केली की सगळं ठीक. ऑफिसात आम्हाला कधीच दिसलं नाही ते यामुळे.

पण आकडा तपासणारी ओळ तर लिहिलेली होती. माझ्या डोळ्यांनी मी ती बघत होते. आकडा पडद्यावर छापून दाखवणारी थोडी छपाई आपण मध्ये टाकून बघितली, तर चूक गायब. छपाई काढली, चूक हजर. मी म्हटलं, बघ, कंपायलर. तू म्हणालास, पोपटी. मग आपण कंपायलरने मशीनला दिलेला उतारा उघडला आणि त्यात ती तपासणी नव्हतीच. कंपायलरने गाळली होती. का गाळली, तर लिहिणाऱ्याने आकडा आधी वापरला होता आणि तपासला होता त्याच्या खालच्या ओळीत. कंपायलरने विचार केला, वापरलाय म्हणजे चांगलाच असणार, मग तपासायचं कशाला. ऑफिसातल्या चाचणीच्या प्रतीत आपण त्याला काटछाट करू देत नव्हतो, म्हणून तिथे ओळ जिवंत. होडीवर जाणारी प्रत काटछाट केलेली. दुरुस्ती म्हणजे काय, तर खालची ओळ वर आणि वरची खाली.

त्या दोन ओळी कुणाच्या ते आपल्या मजल्यावर प्रत्येकाला ठाऊक होतं. साहेब स्वतः कोड लिहायचे तेव्हाच्या त्या ओळी, कुठल्याशा पाहुण्यांना पेटी दाखवायच्या घाईत उलट्या बसलेल्या. होतं असं. माझ्या हातून शंभर वेळा झालंय. साहेब एवढंच म्हणाले असते ना की माझ्या हातून झालं, तर मी त्यांच्यासाठी पोपटी लावली असती. पण मीटिंगमध्ये ते म्हणाले, जबाबदार माणूस ठरल्याशिवाय दुरुस्ती बाहेर जाणार नाही. आणि मग सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी साहेबांकडे बघत होते. मी तोंड उघडणार, एवढ्यात तू म्हणालास, "चूक माझी. लिहा माझं नाव आणि दुरुस्ती आजच जाऊ द्या."

कुणी तुला विचारलं होतं? कोण मोठा तू, दुसऱ्याचं पाप अंगावर घेणारा? साहेबांनी 'नाही' म्हणायला तोंडसुद्धा हलवलं नाही. उलट आठवड्याने ते रेवदंड्याला गेले, मच्छीमार सोसायटीच्या हॉलमध्ये काकांना शाल-नारळ दिला आणि सगळ्या होडीवाल्या नाखवांसमोर सांगितलं की चूक तुमच्याच पुतण्याच्या हातून झाली, पण आम्ही त्याला सांभाळून घेतलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. काकांनी शाल तिथेच खुर्चीवर टाकली आणि तुझ्याकडे न बघता घरी गेले. त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत. सगळ्या गावाच्या पेट्या तू दुरुस्त केल्यास, काकांनी ऑफिसातून परत गेलेली आपली पुन्हा दिली नाही. माळ्यावर टाकली आणि बिनपेटीचे समुद्रावर जायला लागले.

तेव्हा अलिबागच्या रिक्षा सुटतात त्या नाक्यावर मी तुला गाठलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, काकाला खरं सांगितलं तर तो जेटीवरची सगळी माणसं घेऊन ऑफिसात येईल. साहेब हट्टाला पेटतील. आता मी गप्प आहे म्हणून ते मला रविवारी बाकीच्या बंदरांत जाऊ देतायत. कंपनीच्या हिशेबी ती एका माणसाची, एका खेपेतली चूक आहे, विषय संपला. सगळ्या पेट्या होऊ देत, मग काकाला सांगतो. मी तुला म्हटलं ते तुला आठवत असेल. आठव. "तू खोटा शब्द दिलायस, मंग्या. आता त्या शब्दावर हे लोक पुढची सगळी तपासणी गाळून टाकतील." तू म्हणालास, तू शेवटी कंपायलरची बाजू घेतलीस बघ. आणि रिक्षात बसून निघून गेलास. मी नाक्यावर तशीच. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. परवापर्यंत.

रविवार रविवार तू खरंच फिरलास. मुरूड, श्रीवर्धन, जिथे होडी तिथे तू, मांडीवर लॅपटॉप आणि शेजारी सुकत घातलेली मासळी. दोनदा मी आले तुझ्याबरोबर. भांडत आले, पण आले. दिवेआगरला जाताना मागच्या वादळात माडांचे शेंडे मोडलेल्या एका वाडीत आपण शहाळं प्यायलो. तिथल्या म्हातारीने विचारलं, ही पेटी कशाला. तू तिला असं समजावलंस की तिने तुझ्या हातावर दोन सुपाऱ्या ठेवल्या. तुला इतकं खुश मी पोपटीलाही बघितलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं, जाऊ दे, करू दे याला त्याच्या पद्धतीने, हा बरोबर असेल. मी तुला तसं सांगितलं नाही, बरंच झालं. तू बरोबर नव्हतास.

दिवेआगरच्या पेट्या पावसाळ्याआधी पुऱ्या झाल्या नाहीत. होड्या वर ओढल्या, पेट्या घरोघर देवघरात गेल्या. तू म्हणालास, पौर्णिमेच्या आधी एक फेरी मारू. आणि भर पावसात, सकाळी चहा पिताना, तुझ्या आईच्या समोर छातीवर हात ठेवलास आणि गेलास. अलिबागला दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा थांबला नाहीस. कसली घाई, रे? काम पुरं झाल्याशिवाय जागेवरून न उठणारा माणूस तू.

तुझ्या अंत्ययात्रेला काका आले होते. छत्री घेऊन लांब, भिंतीकडे उभे होते. खांदा द्यायला पुढे आले नाहीत. सगळ्या आळीने ते बघितलं. तुझ्या आईनेही बघितलं. दोन दिवसांनी मी तुझ्या घरी गेले तर मावशींनी, तुझ्या आईने, मला स्वयंपाकघरात नेलं आणि विचारलं, "पोरी, खरं सांग. माज्या मंगेशच्या चुकीनं त्याचा काका बुडत व्हता का?" वर्षभर त्यांनी हा प्रश्न पोटात ठेवला होता. तुला विचारायची हिंमत झाली नसेल, किंवा तुझं उत्तर ऐकायची. त्यांना मी सांगितलं की नाही, मावशी, नाही. त्यांनी मान हलवली, पण ती मान समजूत काढणाऱ्या पाहुण्यांसाठी हलवतात तशी होती. माझ्या एकटीच्या शब्दाने काय होणार? गावासमोर साहेब बोलले होते, आणि तू त्यांना होकार दिला होतास.

हे सगळं डोक्यात घेऊन मी त्या शोकसभेत बसले होते, आणि हा माणूस तुझ्या फोटोशेजारी उभा राहून तुझ्या चुकीचं कौतुक करत होता. मी उभी राहिले. म्हटलं, "मंगेशची चूक नव्हती. त्या दोन ओळी तुमच्या आहेत, साहेब. मंगेशने त्या शोधल्या, आणि दिवेआगरच्या पेट्यांत त्या आजही तशाच आहेत." साहेब म्हणाले, वैजयंती, ही वेळ नव्हे. मी विचारलं, मग कुठली वेळ? पौर्णिमेनंतर? ज्यांना ठाऊक होतं ते सगळे आपापल्या चपला बघत होते. एकाला तरी 'हो' म्हणता आलं असतं. कुणीही म्हटलं नाही, मंग्या. तुझ्या जिवावर यांच्या पेट्या चालत होत्या, आणि यांना एक 'हो' जड झाला.

संध्याकाळी मला काही दिवस रजेवर जा असं सांगण्यात आलं. मी म्हटलं, रजा कशाला, जातेच की. आणि दुसऱ्या सकाळी पहिली एसटी धरून दिवेआगरला गेले. सोसायटीत बसून नाखवांना सांगितलं की पेटी बसवलीत की ठिकाण मिळेपर्यंत थांबा, मग बंद करून लगेच चालू करा, बटण दाबून किनाऱ्यावर विचारा, आणि मगच बाहेर पडा. शिवाय कंपनीकडे दुरुस्ती मागा, सगळे मिळून मागा, कुणाचं नाव विचारतील तर माझं सांगा. कंपायलरबद्दल एक शब्द बोलले नाही. त्यांनीही पेटीत मीठ गेलं होतं का असं विचारलं नाही.

तिथून रेवदंडा. काका अंगणात जाळं विणत बसले होते. मला बघून त्यांनी सुई खाली ठेवली नाही. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं, देवघरापासून मीटिंगपर्यंत, शाल-नारळापासून शोकसभेपर्यंत. साहेबांना मी काय म्हणाले आणि नोकरी सोडून आले तेही सांगितलं, कारण नुसत्या शब्दावर त्यांनी विश्वास का ठेवावा? काकांचे हात कधी थांबले ते मला कळलं नाही. मग म्हणाले, "मंग त्यानं मला का न्हाय सांगितलं?"

तुझं कारण मी सांगितलं. बाकीच्या पेट्या व्हायच्या होत्या, म्हणून. सांगताना मलाच लाज वाटली, इतकं ते कारण त्या अंगणात लहान वाटलं. तू काकांना ओळखलं नाहीस, मंग्या. जेटी घेऊन आले असते म्हणालास. हा माणूस तुझ्यासाठी वर्षभर तोंड शिवून बसला असता. तुझ्या जन्मापासूनच्या माणसाला एका वाक्याचा विश्वास दाखवला नाहीस, आणि आपल्या चपला बघत बसणाऱ्यांसाठी त्याला मुकलास. हेच आपलं भांडण होतं. मी ते जिंकले आणि मला त्याचं काहीही सुख नाही.

काका उठले. पायात चप्पल न घालता चालायला लागले, मी मागोमाग. पाऊस उघडला होता, पण आळीत पाणी साचलेलं, त्यातून सरळ. वर्षभर ज्या घराची पायरी चढले नव्हते त्या तुझ्या घरात शिरले. मावशी चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. काका त्यांच्यासमोर जमिनीवर बसले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि मला पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटलेला ऐकू आला.

"वयनी," ते म्हणाले, "आपल्या पोरानं मला बुडवलं न्हवतं. आनि मी त्याला खांदा दिला न्हाय."